जवळचा नंबर

विडी घरकुलात, रविवारी,
मार्कंडेय मंदिराच्या हॉलमध्ये
मी रांग लावतो, नंबर लिहितो,
संस्थेचा टी-शर्ट घालून.

नरसम्मा येमूल. वय साठ, किंवा "तूच लिही काय ते."
चष्मा चढवला तशी
आधी स्वतःची बोटंच बघत बसली,
तेंदूपानाच्या रंगाची, कात्रीनं चिरलेली.
मग हसली. फोटोत तेवढंच आलं.

पुढच्या महिन्यात म्हणाली,
"बरं झालं बाबा, रात्रीबी वळायला येतंय की.
दोनशे जास्त."
हजारी मजुरीचा दर तोच.
कारखान्यानं छाट म्हणून फेकलेल्या विड्याही
तिला आता स्पष्ट दिसतात.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
विचारलं मी संस्थेत.
म्हणाले, पुढचं शिबिर मोतीबिंदूचं.

जातो मी. खुर्च्या मांडतो.
काच पुसून देतो.