कोरी बशी

तालकाउआनोच्या कत्तलखान्यातून पहाटे
गायींच्या अधिवृक्क ग्रंथी आणते मी
बर्फात, सुपाच्या जुन्या थर्मासमध्ये.
मुठीत मावतात. जिवंतपणी मूत्रपिंडाच्या डोक्यावर
तिरक्या टोपीसारख्या बसलेल्या असतात.
चरबी सोलायची, चिरायचं, गाळायचं,
सुट्या झालेल्या पेशी बशीत पसरायच्या
आणि शेवटची रात्र उपाशी ठेवायच्या.
हिमेना किलोद्रान म्हणते, विसरू दे त्यांना
आपण कुणाच्या तरी होतो हे.

मग संप्रेरकाचा एक थेंब.
थेंब म्हणजे निरोप:
वर मेंदूत कुणाची तरी घाबरगुंडी उडाली आहे.
मेंदू केव्हाच गेला, शिंगांसकट, दुसऱ्या गाडीतून.
बशीला काय ठाऊक!
दारावरचं प्रथिन निरोप घेतं, आतल्याला देतं,
तो त्याच्या आतल्याला,
आणि पाचेक मिनिटांत केंद्रकात
फॉस नावाचं जनुक बोलू लागतं.

इथं मी दर वेळी अडखळते.
त्याला उठवायला नवं काहीच घडवावं लागत नाही.
उठवणारे आधीपासून तिथंच,
डीएनएला टेकून बसलेले,
एक फॉस्फेट चिकटायचा अवकाश.

रात्रपाळीचे एलेउतेरिओ साठ साली
वाल्दिव्हियात सहा वर्षांचे होते.
अजून पलंगाखाली बूट ठेवून झोपतात,
नाड्या सुटलेल्या,
डाव्या बुटात टॉर्च.

त्या मंगळवारी आम्ही सहा बशा मांडल्या.
पाचांना थेंब. सहावी कोरी,
जिला काहीच झालेलं नाही अशी,
बाकीच्यांचं दुःख मोजायला.
अकराव्या मिनिटाला आधी कुत्रं,
मग बाटल्यांचे दात वाजू लागले.
इथं एवढ्याशाला कुणी भूकंप म्हणत नाही.
हिमेना चौकटीत उभी, पिपेटचं टोक वर धरून,
जणू तेवढं सांभाळलं की इमारत राहील.
माझ्या पाठीत, बरगड्यांच्या खाली, दोन्हीकडे
काहीतरी पिळलं गेलं.
बावीस सेकंद. फुटला फक्त एक मोजपात्राचा काठ.
लगेच आईचा फोन: "उभी आहेस ना?"
"आहे." तिनं ठेवला.

पुढच्या आठवड्यात अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली,
फिल्मवर सहा काळ्या रेघा उमटल्या.
सहा.
कोरीचीही, तिसरीइतकीच ठसठशीत.

हिमेना म्हणाली, फेक. वाया गेलं.
बरोबरच होतं तिचं.
माध्यम हिंदकळलं असेल, दार उघडून गार वारा शिरला असेल;
या पेशी बशी उचलली तरी दचकतात.
आणि दचकणंही कितीसं टिकतं:
निरोपाचा कागद अर्ध्या तासात फाटतो,
त्यावरून घडलेलं प्रथिन मागे येऊन
स्वतःच्याच जनुकाचं तोंड दाबतं.
पण जाता जाता ते इतर काही जनुकांना हलवून जातं,
संथ जनुकांना.
त्यांचं काम रात्रभर चालतं.
आमच्या प्रयोगात तिथवर कुणी बघत नव्हतं.

वहीत मी रसायनांच्या रकान्यात लिहिलं:
"अकरावं मिनिट, जमीन."
हिमेनानं ते खोडलं नाही.

एलेउतेरिओ फेरीवर आले, फिल्म उजेडाकडे धरली.
मी सांगितलं: ही शेवटची,
हिला आम्ही काही दिलं नव्हतं.
ते बराच वेळ बघत राहिले.
"कुणाच्या पेशी?"
"गायींच्या."
त्यांनी मान हलवली, जशी ओळखीचं नाव ऐकून हलते.
"त्या दिवशीही," म्हणाले,
"गोठ्यात आधी गायीच उभ्या राहिल्या होत्या.
आम्ही त्यांना मारून बसवत होतो."