चार बोटं अंतर

एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद.
त्यातले पहिले चौदा सगळ्यांनी पाहिले:
कलंडलेली फेरी, पाण्यावर पिवळे कॅन,
जलपर्णीत अडकलेली कुणाची तरी उघडी छत्री.
वर आमचं बोधचिन्ह,
खाली कोपऱ्यात, बारीक: 'स्थानिक रहिवाशाकडून'.

स्थानिक रहिवासी म्हणजे अपोंदी.
ओसेरेच्या धक्क्यावर ओमेना विकते,
करंगळीएवढे चंदेरी मासे, जाळ्यावर वाळवलेले.
मापाला तुपाचा जुना डबा, तळ जरासा आत ठोकलेला.
(हे तिनंच सांगितलं, तिसऱ्या फोनला, हसत.)

नैरोबीत चौथ्या मजल्यावर
माझं काम संशय घेणं. पगार त्याचाच.
मी सावल्या मोजते,
टेकडीची कड नकाशाला लावून बघते,
वारा कुठून होता, जलपर्णी कुठल्या काठाला लागली,
मागे वाजते ती घंटा शाळेची की चर्चची.
आमचा मुतिसो वाटेत होता, पूल वाहून गेलेला,
पोचायला अजून सहा तास.
सरकारी पत्रक मात्र पोचलं होतं:
उतारू बहात्तर, सर्व सुखरूप.

फोन लावला.
'फेरीत माणसं किती होती?'
'ते ओबुया मोजतो. तिकिटांची अर्धुकं त्याच्या खिशात असतात.
खिसा अजून पाण्यातच आहे.'
पोले, मी म्हटलं. आमच्याकडे दुःखाला हाच शब्द,
आणि कुणाला ठेच लागली तरी हाच.
'मग जास्त होती, हे कशावरून?'
'चपलांवरून.'
काठाला लागलेल्या चपला तिनं वाळूत जोडीनं मांडल्या होत्या.
शहाण्णव जोड. एकेकट्या एकवीस.
मी लिहून घेतलं, आणि विचारलं,
कारण विचारावंच लागतं:
'तुम्ही स्वतः मोजल्यात?'
ती गप्प.
'बाई, तू स्वतः काय मोजलंस?'

पंधराव्या सेकंदाला चित्र जातं.
आधी काळोख, मग तांबूस काहीतरी:
लेन्सवर बोटं, मागून ऊन.
संपादक म्हणाले, काप, यात काही दिसत नाही.
कापलं.
डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर,
लहानपणापासून ऐकत आलेय,
कधी मोजलं नव्हतं.
त्या रात्री हेडफोन लावून ऐकत बसले
ती चार बोटं.
पाणी. धाप. कुणाला तरी सणसणीत शिवी.
'केस धर, अरे केस धर!'
मग बराच वेळ नुसतं पाणी.
मग एक पोर खोकलं.

'फोन खाली का नाही ठेवलात?'
'कोरडी जागा कुठं होती? हप्ते राहिलेत अजून.'
एका हातात फोन, दुसऱ्या हातात कुणाचं तरी मूल,
आणि आमच्या फाइलीत नोंद:
'उर्वरित भाग निरुपयोगी.'

मुतिसो संध्याकाळी पोचला.
बंदर कचेरीतल्या कारकुनानं
मासेवालीला दारातूनच हाकललं होतं.
मुतिसोनं ओळखपत्र दाखवलं, खुर्ची ओढली,
उठलाच नाही नोंदवही हाती पडेतो.
एकशे अठरा नावं. काहींपुढे फुल्या.
बाहेर अपोंदी कंदील घेऊन उभी,
चपलांवर राखण करत,
कारण कुत्री एकेक पळवत होती.

दुसऱ्या दिवशी पत्रक बदललं.
मथळा आमचा, नाव मुतिसोचं.
मी भांडून शेवटच्या परिच्छेदात
तिचं नाव घालून घेतलं.
छापताना अपोंदीचं अपोंडो झालं.

माफी मागायला चौथा फोन केला.
मागे बाजाराचा गलका, कुणी भावाची घासाघीस करत होतं.
'चालायचंच,' ती म्हणाली,
'तुझाही डबा तळाशी ठोकलेलाच की गं.'
आणि गिऱ्हाइकाकडे वळली.
फोन बंद करायचा विसरली बहुधा.
मी ऐकत राहिले:
डब्यात मासे पडण्याचा कोरडा आवाज,
मग ती वरून टाकते ती मूठ,
मापाबाहेरची.