कोणत्या पक्षाची?

मे महिन्यातला मंगळवार. अग्निशमन ठाण्याचा बंब
बाहेर उन्हात काढून ठेवलाय,
त्याच्या जागी आमची टेबलं.
खाली तेलाचा जुना डाग,
त्यावर आयडेलानं घरची चटई टाकलीय.
आयडेला त्यांची, मी आमची.
टेबलाशी दोन्हीकडचं एकेक माणूस हवं, असा नियम.
डबा मात्र एकच उघडतो आम्ही.

एकवीस वर्षं मी इथं नावं तपासते.
ओहायोत गव्हर्नरची निवडणूक दोनदा होते:
आधी घरातल्या घरात, मग घराघरांत.
घरातल्या निवडणुकीला एक प्रश्न विचारावा लागतो,
मोठ्यानं, रांगेला ऐकू जाईल असा:
कोणत्या पक्षाची मतपत्रिका?
दंतवैद्य असो की डुकरांचा व्यापारी,
वजनकाट्यावर उभं केल्यासारखा चेहरा होतो.
बेल्स फोर्डात उत्तर सगळ्यांना पाठ असतं.
तरी विचारायचं.

साडेचारला मर्ल आला. माझा मर्ल.
ओळखपत्र, मी म्हटलं.
त्यानं हसून दिलं. मीही फोटो आणि माणूस
ताडून पाहिल्याचं नाटक केलं.
कोणत्या पक्षाची?
विचारता विचारता हात आमच्या गठ्ठ्याकडे गेलासुद्धा होता.
"दुसरी," तो म्हणाला.

रांगेत कुणीतरी खोकलं.
आयडेलानं पेन्सिलीचं टोक तपासलं,
खूप वेळ तपासलं.

रात्री बटाटे वाढताना मी म्हटलं,
चव्वेचाळीस वर्षं, मर्ल. सांगायचं तरी.
तो म्हणाला,
तू कधी विचारलं नाहीस.
आज विचारलंस.

त्याचं मत थेडा विंकलरला.
ती आली होती धान्यकोठारापाशी, मार्चच्या चिखलात,
सोबत एक पोरगा आणि पत्रकांचा खोका.
प्रेसच्या कारखान्यात मर्लचा उजवा कान गेलाय.
बोलता बोलता तिच्या ते लक्षात आलं
आणि वाक्य अर्ध्यात सोडून ती
वळसा घालून डावीकडे आली.
एवढंच.
करांबद्दल काय म्हणाली, त्याला आठवत नाही.

थेडा पडली. आमच्या ठाण्यात तिला एकसष्ट.
कुणाची साठ, ते मला ओळखता आलं असतं,
मी ओळखत बसले नाही.
तिचा फलक मर्लनं हरल्यानंतर घरी आणला,
तारा काढल्या, टोमॅटोला टेकू दिला.
जुलैत टोमॅटो तिच्यावर रेलून लाल झाले.

मग उरले दोघं. टीव्हीवर चिखलफेक,
पेटीत रोज चकचकीत कागद,
त्यात एकाचा फोटो रंगीत, दुसऱ्याचा मुद्दाम करडा.
जत्रेत दोघांनीही उकडलेलं कणीस खाल्लं.
दोघांच्याही दातांत काही अडकलं नाही.
असा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

नोव्हेंबर. बंब पुन्हा बाहेर, काचेवर दव गोठलेलं.
आता पत्रिका सगळ्यांना एकच,
प्रश्न विचारायचा नसतो.
साडेचारला मर्ल. ओळखपत्र. सही.
त्याच्या सहीतला म अजून कुदळीसारखा.
मग तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला,
फक्त बूट दिसत होते.
एक बूट दुसऱ्यावर घासत राहिला,
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
खरं सांगू? मोजलं. चार मिनिटं.

साडेसातला दार लावलं.
यंत्रानं वाणसामानाच्या पावतीसारखी
लांबच लांब पट्टी ओकली.
आयडेलानं एक टोक धरलं, मी दुसरं,
चादर घडी करायला धरतात तसं.
दोघींनी सह्या केल्या. चटई झटकली.
बंब आत आला, आपल्या डागावर उभा राहिला.

घरी मर्ल जागा होता.
"कोण आलं?" मी नाव सांगितलं.
हं, म्हणाला. त्या हं-मधून
काहीच कळलं नाही.
मग खुर्ची वळवून, डावा कान माझ्याकडे करून,
त्यानं विचारलं, "आणि तू?
तू कुणाला दिलंस?"

मी बूट काढत होते.
नाडीची गाठ बसली होती.