सुधारित यादी

वर्षातून दोनदा ही यादी मागवतात.
दोन रकाने: डावीकडे असलेली मैदानं,
उजवीकडे होणारी.
अदिस अबाबात, तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत
अकरा वर्षं मी ती टंकते आहे
आणि एकाही नावाला
उजवीकडून डावीकडे येताना पाहिलेलं नाही.

असलेली:
राजधानीतलं जुनं. सम्राटाच्या काळातलं.
पायऱ्यांच्या पोटात चपलांची दुकानं, एक दाताचा दवाखाना,
सामन्याच्या दिवशी डॉक्टर म्हणायचा,
गोल झाला की सुई थांबवतो, घाबरू नका.
मग बाहेरून तपासनीस आला, मोजपट्टी घेऊन.
पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी नाही.
दिव्यांचा उजेड कमी.
गवतावर त्यानं बूट घासून पाहिला
आणि काहीतरी लिहिलं, आम्हाला न दाखवता.

तेव्हापासून आमचा घरचा सामना
परक्या देशात होतो.
दुसऱ्याच्या ओसरीवर आपल्या पोरीचं लग्न.
मांडव त्यांचा, पाणी त्यांचं,
वऱ्हाडात वकिलातीतले चाळीस जण आणि एक ढोल.
ध्वनिक्षेपक तरीही आम्हालाच
यजमान म्हणतो.

होणारी:
कोसो गेबया. क्षमता साठ हजार.
फलकावर पूर्ततेचं साल दोन हजार नऊ.
परदेशी पाहुणे हसतात, तेव्हा मी सांगते,
आमचं पंचांग तुमच्याहून सात-आठ वर्षं मागे चालतं.
ते बोटांवर हिशेब करतात.
उशीर उरतोच,
फक्त जरा सभ्य होतो.
कंत्राटदार दर साली म्हणतो, पागुमेत पुरं करून देतो.
पागुमे आमचा तेरावा महिना.
पाच दिवसांचा.

मागच्या साली मला तिथे पाठवलं, फोटो काढायला.
रात्रभर बस. पहाटे निलगिरीच्या शेंड्यांवरून
ते एकदम दिसलं:
भाजायची राहून गेलेली मातीची परात,
आभाळाकडे तोंड करून.
काठावरच्या प्रत्येक सळीवर एकेक कावळा,
जणू तिकिटं काढून बसलेले.

राखणदार वुबिशेत, अंगाला जाड पांढरी शाल.
म्हणाला, चौदा महिन्यांचा पगार थकलाय,
पण किल्ली माझ्याकडेच आहे.
कुलूप होतं.
दार नव्हतं.

आत मान्यवरांच्या रांगांत मिरच्या वाळत होत्या,
लालभडक, एकही जागा रिकामी नाही.
मैदानात येशीमेबेतनं पेरलेले जव, गुडघ्याएवढे.
मधली पट्टी तेवढी मोकळी सोडलेली.
पोरांना लागते, ती म्हणाली,
आणि तिसऱ्या वाफेची कॉफी माझ्या हातात दिली,
जी नाकारायची नसते.
पोरं आली. चेंडू मोज्यांचा.
चेंडू जवात गेला की खेळ थांबे,
सगळी वाकून शोधत,
एकही रोप न मोडता.

निघताना वुबिशेतनं वही पुढे केली, सही करा म्हणून.
सिमेंटच्या आवक-जावकीची, सरकारी शिक्क्याची.
सिमेंट यायचं बंद झाल्यावर
पानं कोरी ठेवणं त्याला जमलं नसावं.
आवक तीन, जावक दोन.
आवक शून्य, जावक शून्य, पाऊस.
आवक चार. चौथा अबिनेतचा, डोक्यानं.
तारखांसकट, सहा वर्षांचे.

या वेळी टंकताना
ते नाव मी डावीकडे घातलं.
एक बटण दाबावं लागतं, एवढंच.

काल देमिस्सेव साहेबांकडून यादी परत आली.
कोसो गेबयाभोवती
लाल शाईचा मोठा गोल.

वुबिशेतला कळवायला हवं.
तो मांडून घेईल.