चावीवाला

सत्तर अंशांवर उभा केला टेबल,
छातीला पट्टा, गुडघ्यांना पट्टा.
रेवणसिद्ध बिराजदार, वय एकोणपन्नास,
काम: पाण्याच्या लाईनीची चावी फिरवणं.
एप्रिलात तिसऱ्यांदा पडले, चेंबरच्या कडेला,
उकिडव्याचे उभे राहता राहता.

कानशिलावर जेली लावून मी प्रोब टेकवला.
हाडाच्या पातळ जागेतून
मेंदूकडे निघालेलं रक्त ऐकू येतं,
सूं... सूं...
ते म्हणाले, "ताई, हे तर आमच्या लाईनीवाणीच.
उजनीवरनं पाणी चढलालंय."

डॉक्टर जमादार समजावत होते:
उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं,
मग पायांच्या नळ्या आवळायच्या,
हृदयाला पळवायचं, डोक्याचा दाब टिकवायचा.
"आन् हे करतंय कोण?"
"कुणी नाही. आपोआप. स्वायत्त यंत्रणा आहे."
"स्वायत्त म्हंजे महापालिकाच की ओ!
मग अवघडच हाय."
डॉक्टर हसले. मी जरा कमी हसले,
आमच्या नीलमनगरात पाणी पाचव्या दिवशी.

बाविसाव्या मिनिटाला त्यांनी जांभई दिली.
एसी चालू, आणि ओठांवर घाम.
पडद्यावर लाटांचे माथे तसेच उंच,
मधल्या दऱ्या मात्र खचत गेल्या.
मेंदूतल्या बारीक वाहिन्या उघडल्या असतील
उघडता येतील तेवढ्या,
घागरी घेऊन दारात आल्यासारख्या,
आणि खाली कुणीतरी सगळे व्हॉल्व्ह सैल सोडलेले.
नाडी एकशे चार.
अडतीस.
दहावी नस, पुस्तकात जिचं नाव भटकी,
ती हृदयाला म्हणाली, थांब जरा.
सूं गेलं. नुसतं फट्,
मग बऱ्याच वेळानं, फट्.

"आडवं करा!"

टेबल खाली, पाय वर.
आठ सेकंद तो माणूस कुठेच नव्हता.
मग पापणी हलली, आणि पहिला शब्द:
"कुठली गल्ली राहिली?"

शनिवारी रात्री अडीचला नळानं आधी हवा ओकली.
मी पलंगाच्या कडेला बसले थोडी,
पावलं हलवली, मगच उठले.
आजार नाही मला. लागलीय सवय.
गॅलरीतून दिसलं:
चेंबरचं झाकण बाजूला,
विटेवर टॉर्च, चावी अजून आतच,
आणि उकिडवे रेवणसिद्ध
मुठी आवळत, सोडत,
शंभर मोजून उठा म्हटलं होतं, ते मोजतायत,
वंदु, येरडू, मूरू...

माझी बादली भरून सांडायला लागली.
त्यांचे पन्नासही झाले नसतील.