डाळिंबाची साल

एकोणीस वर्षं मी आजारी पडलो नाही.
हे मी कुणाला सांगायचो नाही असं नाही.
कुटाइसीतल्या आमच्या उताराच्या गल्लीत
पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो,
सुटे पैसे मोजता मोजता.
शिंकणाऱ्याला म्हणायचो, मनाचे खेळ.
कण्हणाऱ्याला म्हणायचो, दोन पोती पीठ मळ,
बघ कशी पळते कंबरदुखी.

पहाटे चारला भट्टीच्या तोंडात
कमरेपर्यंत वाकायचं,
निखाऱ्यांवर लोंबकळत
होडीच्या आकाराचा पाव आतल्या भिंतीला थापायचा
आणि परत वर. दिवसातून तीनशे वेळा.
ज्याला आग शिवत नाही
त्याला आणखी काय शिवणार?

मंगळवारी रात्री सव्वादोनला
पोटात कुणीतरी खुर्ची सरकवली.

इतकंच. एक खुर्ची.
मग टेबल. मग सगळी खोली.

पुढचं नीट सांगता येत नाही.
संडासाच्या फरशीत सत्तावीस चौकोन आहेत,
एक फुटका, एक मागाहून बसवलेला,
जरा वेगळ्या हिरव्याचा.
बारा वर्षं या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.
गाल टेकला की फरशी किती मायाळू होते, तेही.
वरून आणि खालून एकदमच सुरू झालं तेव्हा
बादली मांडीवर घेऊन बसलो
नातवाला घ्यावं तशी.
देवाचं नाव आलं नाही तोंडात.
आईचं आलं.
ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा
मी भट्टीवर होतो.

काय खाल्लं होतं?
राजम्याचं लोबिओ कालचं की परवाचं?
बाजारातलं ओलं चीज?
की वाख्तांगच्या मुलीच्या लग्नातले मशरूम?
एकेका घासाची उलटतपासणी केली.
(नुसता तो शब्द आठवला
आणि पुन्हा बादली.)

सकाळी शेजारची लामारा आली.
रेशमाची गिरणी बंद पडल्यापासून
ती जिन्यातल्या सगळ्यांची दारं ओळखते,
कुठलं किती वेळ उघडलं नाही ते.
काही विचारलं नाही. नाकही मुरडलं नाही.
डाळिंबाची वाळकी साल उकळून
काळाकुट्ट काढा आणला होता.
“घोट घोट. बैलासारखा नको.”
बैलासारखाच प्यालो. बादलीनं परत घेतला.
ती बाहेर पायरीवर जाऊन बसली
बसची वाट बघावी तशी,
आणि मग दुसरा पेला घेऊन आली.
या वेळी चमचा.
चौसष्ट वर्षांच्या माणसानं आ केला.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियातून उठून
भिंत धरत धरत ती पाव घ्यायला आली होती,
तेव्हा तिलाही मी म्हणालो होतो, मनाचे खेळ.
तिला ते आठवत होतं.
चमच्यावरून कळत होतं.
तरी चमचा येत राहिला,
एक, मग थांबून एक.

तीन दिवस भट्टी बादरीनं चालवली.
सतरा वर्षांचा पोरगा,
मागे दाढ दुखली म्हणून आला नाही
तर मी त्याची अर्धी मजुरी कापली होती.
शुक्रवारी संध्याकाळी दारात उभा राहिला,
भुवया अर्ध्या जळलेल्या, काखेत एक पाव,
एक टोक कोळसा, दुसरं पांढरंफटक.
“निखाऱ्यात किती पडले?”
“अकरा.”
पहिल्या दिवशी माझे चाळीस पडले होते.
आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.
त्याला सांगितलं.
तो हसला नाही, म्हणून मीच हसलो,
आणि बरगड्या दुखल्या.

तो गेल्यावर
पांढऱ्या टोकाचा अंगठ्याएवढा तुकडा
काढ्यात बुडवला. चावला. बराच वेळ चावला.
पोटानं विचार केला.
खाली गल्लीत कुणी खोकत गेलं,
दोन मजले ऐकू येईल असं.
पोट अजून विचारच करत होतं.
मग ठेवून घेतला.