पेज

सहाला खाल्लेली पेज
रात्री अकराला तशीच बाहेर आली,
शीत न् शीत ओळखू येत होतं.
हृतेश म्हणाला, आई, आत कोणी हललंच नाही.

तारामुंबरीच्या खाडीत सुकतीला
होडी गाळात बसते,
तेव्हा होडीला कोणी शिव्या देत नाही.
याच्या पोटाला सगळ्यांनी दिल्या:
नाटकी आहे, बाहेरचं खातो, टेन्शन घेतलंय.

माझा भाऊ बाबल असाच वाळत गेला, एकतिसाव्या वर्षी.
कौल लावला. देवीनं उजवं दिलं.
कोंबडा दिला,
तोही त्याला पचला नसता.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी
पोटाआधी माझे डोळे पाहिले.
तुमच्या पापण्या कधीपासून उतरल्यात?
म्हटलं, आमच्या घरच्या बायका अशाच,
माझ्या आईला तर वाडी निजूरबाय म्हणायची.
त्यांनी कागदावर रेघ ओढली,
आईपासून माझ्यापर्यंत, माझ्यापासून खाली.
बापाकडून रेघ नव्हती.
वंशावळीत आईचं नाव
मी पहिल्यांदाच लिहिलेलं पाहिलं.

मुलीच्या पापण्या मी ती झोपल्यावर बघते.
तेव्हा काही कळत नाही,
म्हणूनच बघते.

आता नळीनं जातं, थेंब थेंब, रात्रभर.
लाइट गेली की पंप थांबतो,
मग सिरिंज घेऊन मी बसते.

आज त्यानं पेजेचा टोप मागितला.
खायला नाही. वाफेवर तोंड धरलं,
मग मिठाचा एक खडा जिभेवर ठेवून
बसून राहिला बराच वेळ.